उभ्या ओळींच्या पोथ्या

मंगोल लिपी शिकवताना सुरुवात अवयवांपासून होते. वरून खाली येणारी उभी रेघ म्हणजे शब्दाचा कणा. त्यातून डावीकडे निघणारं टोक म्हणजे दात, गोलसर फुगवटा म्हणजे पोट आणि शब्द संपवताना मारलेला फराटा म्हणजे शेपूट. मंगोलियातली मुलंसुद्धा याच नावांनी लिपी शिकतात. ओळी वरून खाली जातात आणि एक ओळ संपली की पुढची तिच्या उजवीकडे येते. मधल्या जागेतला एकटा दात 'अ' असतो किंवा 'न'. 'न'साठी डावीकडे टिंब द्यायची सोय आहे, पण जुन्या लेखनिकांनी ते दिलेलं असेलच याची खात्री नाही. 'त' आणि 'द', 'ओ' आणि 'उ' हे तर एकाच वळणाने लिहिले जातात. कुठला उच्चार घ्यायचा हे भाषा येणाऱ्यानेच ठरवायचं.

मी पुण्यात संस्कृत आणि पाली शिकले, जोडीला मोडीचा वर्ग केला होता, त्यामुळे या गोष्टीची धास्ती वाटली नाही. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. 'दिन' की 'दीन' हे वाक्य सांगतं. बर्लिनला आले ती महायान सूत्रांच्या मंगोल भाषांतरांवर काम करायला. इथल्या आमच्या बाईंची शिस्त अशी की भाषांतराबद्दल एक शब्द लिहिण्याआधी पोथीचं वर्णन करता आलं पाहिजे. ग्रंथालयातून पोथी मागवायची, तिची पूर्ण वर्णनात्मक नोंद तयार करायची आणि मगच छापील सूचीतली नोंद उघडून ताडून पाहायची. हे लिहिते आहे ते या कामाबद्दल, कारण पोथ्या हाताळणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना यात किती आपलंसं सापडेल याची मला तिकडे असताना कल्पना नव्हती.

बर्लिनचं राज्य ग्रंथालय, श्टाट्सबिब्लिओटेक, सुरू झालं १६६१ मध्ये. चिनी ग्रंथ तिथे सतराव्या शतकातच आले. युलिउस क्लाप्रोट या प्राच्यविद्यापंडिताने तिथल्या चिनी आणि मांचू (म्हणजे चीनच्या चिंग सम्राटांच्या भाषेतल्या) ग्रंथांची सूची १८२२ मध्ये छापली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी संग्रह गाड्या भरभरून देशभर हलवला गेला: मठांत, वाड्यांत, खाणींत. युद्ध संपलं तेव्हा त्यातला काही भाग पश्चिम जर्मनीत मारबुर्ग आणि ट्युबिंगेनला होता, काही भाग पूर्वेकडे, आणि चिनी-मांचू ग्रंथांचा एक हिस्सा सायलेशियातल्या मठात ठेवलेला होता तो नव्या सीमारेषेपलीकडे, पोलंडमध्ये राहिला. तो आज क्राकूवच्या यागिएलोनियन ग्रंथालयात आहे. म्हणून जुन्या सूचीत दिसणारा ग्रंथ बर्लिनमध्ये मिळेलच असं नाही, हे इथे पहिल्याच आठवड्यात समजतं.

युद्धानंतर जर्मनीतल्या सगळ्या प्राच्य हस्तलिखितांची एकत्र सूची करायचं मोठं काम हाती घेतलं गेलं. संस्कृत, अरबी, फारसी, तिबेटी, इथिओपियन, सगळ्या भाषा त्यात आल्या. या मालेचा पहिला खंड १९६१ मध्ये निघाला तो मंगोल हस्तलिखितं, ठशांच्या पोथ्या आणि नकाशे यांचा. तो केला वाल्टर हाइसिश यांनी, क्लाउस सागास्टर यांच्या मदतीने. हाइसिश मूळचे व्हिएन्नाचे. युद्धाची वर्षं ते पेकिंगमध्ये, म्हणजे बीजिंगमध्ये, होते, आणि तिथल्या मंगोल छपाईवर त्यांनी १९५४ मध्ये लिहिलेला ग्रंथ आजही या कामात हाताशी लागतो. मांचू ग्रंथांची नोंद वाल्टर फुक्स यांच्या १९६६ च्या खंडात चिनी ग्रंथांबरोबर आहे.

मागणी नोंदवायला सूचीतला क्रमांक पुरतो. पोट्सडामर श्ट्रासेवरच्या इमारतीत, हान्स शारून यांनी रचलेल्या त्या प्रचंड मोकळ्या वाचनालयाच्या एका बाजूला, पोथी आणून देतात. शाईचं पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. हात धुऊन कोरडे करायचे. हातमोजे नकोत, कारण मोज्याच्या बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. समोर फोमचे उतार आणि कापडात शिवलेल्या वजनाच्या लांब माळा ठेवलेल्या असतात.

मग बासन सोडायचं. होय, बासनच. पिवळं सुती कापड, वर-खाली लाकडी फळ्या, आत सुटी लांबट पानं. भूर्जपत्रांचा आणि ताडपत्रांचा आकार बौद्ध ग्रंथांबरोबर तिबेटात गेला, तिबेटातून मंगोलियात, आणि तिथे कागदावर लिहू लागले तरी आकार तोच राहिला. पानाची उलटापालटही आपल्यासारखीच, खालची कड वर नेऊन. फक्त लांबट आडव्या पानावर छोट्या छोट्या उभ्या ओळी डावीकडून उजवीकडे उभ्या असतात. भारत इतिहास संशोधक मंडळात रुमाल सोडताना जो वास येतो त्याच जातीचा वास इथेही येतो, त्यात थोडा धुपाचा आणि थोडा तुपकट धुराचा भर. ही पोथी कुणाच्या तरी घरात, चुलीजवळ, देव्हाऱ्यात राहिलेली आहे हे तो वास सांगतो.

वर्णनाला सुरुवात होते ती मजकुरापासून नव्हे. आधी कागद. चीनमध्ये केलेला कागद पातळ असतो आणि पुष्कळदा दोन-तीन थर चिकटवून जाड केलेला असतो. रशियन कागद वेगळा, जाड, आणि त्याच्या कोपऱ्यात गिरणीचा दाबून उठवलेला शिक्का असतो. रशियातल्या बुर्यात या मंगोल लोकांच्या मठांतल्या आणि उत्तर मंगोलियातल्या पोथ्यांना हा शिक्का फार उपयोगी पडतो. पोथीवर साल नसलं तरी ती गिरणी तसला शिक्का कधी वापरत होती हे माहीत असतं. पान तिरपं धरून उजेडात फिरवलं की अक्षरांच्या मागून शिक्का हळूहळू वर येतो.

मग लेखणी. मंगोल लेखनिक बोरूने लिहीत आणि कुंचल्यानेही. बोरूचा फराटा दोन्ही कडांना धारदार असतो आणि शाई कमी होत गेली की मधे फिकट पडतो. कुंचल्याचं शेपूट भरीव, रुंद होत जाऊन एकदम टोकदार संपतं. मोडीची जुनी पानं पाहिलेल्या माणसाला बोरू ओळखायला शिकवावं लागत नाही. बाईंनी मला पहिल्या दिवशी दोन पानं शेजारी ठेवून विचारलं आणि मी लगेच सांगितलं, तेव्हा त्यांनी हे कुठे शिकलात म्हणून चौकशी केली. पुण्यात असे वर्ग चालतात आणि त्यांना बँकेतून निवृत्त झालेले लोकही हौसेने येतात, हे ऐकून त्यांना फार आनंद झाला.

ठशांच्या पोथ्यांचं शास्त्र आणखी वेगळं, आणि मला सगळ्यांत आवडलेलं. मजकूर पातळ कागदावर लिहून तो कागद फळीवर उलटा चिकटवायचा, अक्षरं सोडून बाकीचं लाकूड कोरून काढायचं, शाई लावून वर कागद ठेवून घासायचं. एका पानाच्या एका बाजूला एक फळी. सतराव्या-अठराव्या शतकात पेकिंग हे मंगोल छपाईचं सर्वांत मोठं केंद्र होतं. आनदिंग दरवाजाबाहेर फू दलाई नावाच्या छापणाऱ्याचं दुकान होतं, ते त्याच्या ग्रंथांतूनच कळतं. फळ्या कोरणारे कारागीर चिनी होते. त्यांना मंगोल वाचता येत नसे, म्हणून फळ्यांचा क्रम चुकू नये यासाठी समासात बारीक चिनी अक्षरांत पानाचा आकडा आणि ग्रंथाचं संक्षिप्त नाव कोरलेलं असतं. समासात चिनी आकडा दिसला की बहुतेक वेळा पेकिंगची छपाई समजायची.

मोजमापं दोन घ्यायची: पानाचं आणि छापलेल्या चौकटीचं. पान कसंही कापलं जातं, पण चौकट म्हणजे फळीचं माप, ते बदलत नाही. एकच सूत्र अनेकदा नव्या फळ्या कोरून छापलं गेलेलं असतं. चौकटीचं माप आणि पानातल्या ओळींची संख्या जुळली तर छपाई एकच. त्यानंतर भिंग घेऊन चौकटीची रेघ पाहायची. फळी जुनी झाली की रेघेला खाचा पडतात, कोपरा उडतो. दोन प्रतींत त्याच जागी तीच खाच असेल आणि एकीत ती मोठी असेल, तर ती प्रत नंतर काढलेली. एका पोथीच्या नवव्या पानावर चौकटीची खालची रेघ तुटून तिथे नखाएवढी पोकळी राहिली होती. दुसऱ्या ग्रंथालयातल्या प्रतीच्या छायाचित्रात त्या जागी केसासारखी चीर होती. लाकडाचं वय असं नजरेसमोर दिसतं तेव्हा खुर्चीवरून उठावंसं वाटत नाही.

इतकं झाल्यावर मजकूर वाचायचा. पहिल्या पानावर डाव्या-उजव्या कडेला बुद्धाची किंवा आचार्यांची छोटी चित्रं, मधे मोजक्याच ओळी. त्यात भाषांतरित सूत्र असेल तर सुरुवात ठरलेली: 'एनेदकेग-उन केलेबेर', म्हणजे भारताच्या भाषेत, आणि पुढे संस्कृत नाव. त्यानंतर तिबेटच्या भाषेत अमुक, मंगोल भाषेत अमुक. संस्कृत उच्चार मंगोल लिपीत बसवता यावेत म्हणून आयूशी गूशी नावाच्या पंडिताने १५८७ मध्ये 'गालिक' अक्षरं तयार केली. या जादा अक्षरांतून मी पहिल्यांदा 'आर्य वज्रच्छेदिका नाम प्रज्ञापारमिता महायान सूत्र' हे शब्द उभे, एकाखाली एक लागलेले वाचले. वज्रच्छेदिका मंगोलियात घरोघरी होती. आजारपणात वाचत, पुण्यासाठी नकलून घेत, काळ्या चकचकीत कागदावर सोन्या-चांदीच्या शाईने लिहवून घेत. आमच्याबरोबर आंतर मंगोलियातून आलेला एक सहाध्यायी आहे. त्याची आजी हे सूत्र म्हणत असे. तो पान वाचतो ते तिच्या लयीत, खालच्या पट्टीत, न थांबता, आणि पोथीतली टिंबं गाळलेली असली तरी त्याचं काही अडत नाही, कारण कानाला पुढचा शब्द माहीत असतो. मी त्याला संस्कृत पाठ म्हणून दाखवते, तो मंगोल, आणि मग दोघे मिळून जागा जुळवतो.

खरी ओळख पटते ती पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत. कुणी भाषांतर केलं, कुणाच्या सांगण्यावरून, खर्च कुणी केला, कुणी लिहिलं, कधी. लेखनिक चुकांबद्दल क्षमा मागतो, मिळालेलं पुण्य सर्व प्राणिमात्रांना अर्पण करतो आणि शेवटी 'मंगलम्' किंवा 'सर्व मंगलम्' लिहून थांबतो. हा शब्द संस्कृतच, मंगोल अक्षरांत. आपल्या पोथ्यांत 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' म्हणणाऱ्या लेखनिकाचे हे भाऊबंद.

साल काढायला दोन वाटा असतात. छापील ग्रंथात चिंग सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष देतात. कांगशी सम्राटाचं मंगोल राजनाम 'एंखे आमुगुलाङ', त्याचं पहिलं वर्ष १६६२. पुष्पिकेत त्रेपन्नावं वर्ष असेल तर १७१४. शेजारी बहुधा साठ वर्षांच्या चक्रातलं नाव असतं, रंग आणि प्राणी मिळून: निळ्या घोड्याचं वर्ष. निळा म्हणजे काष्ठ, लाल म्हणजे अग्नी, पिवळा पृथ्वी, पांढरा लोह, काळा जल. खासगी हस्तलिखितांत पुष्कळदा एवढंच असतं, आणि मग साठाच्या कुठल्या फेऱ्यातलं ते कागदावरून, अक्षरावरून, माणसांच्या नावांवरून ठरवावं लागतं.

हे चक्र शिकताना मला पंचांग आठवलं आणि मी पडताळून पाहिलं. प्राण्यांचं चक्र चिनी, पण तिबेटी गणनेत साठाचा पहिला फेरा धरतात तो १०२७ पासून, कालचक्रतंत्र तिबेटात आलं त्या वर्षापासून. त्या पहिल्या वर्षाला त्यांनी दिलेलं नाव म्हणजे 'प्रभव' या संवत्सरनामाचं भाषांतर. १०२७ मध्ये साठाचे सोळा फेरे मिळवले की येतं १९८७, आणि आपल्या पंचांगात शके १९०९ हे प्रभव संवत्सरच होतं. उत्तर हिंदुस्थानातली संवत्सरं पुढे सरकलेली आहेत, पण महाराष्ट्रात आणि दक्षिणेत चालतात ती तिबेट-मंगोलियाच्या गणनेशी वर्षाला वर्ष जुळतात. निळ्या घोड्याचं १७१४ म्हणजे शके १६३६, जय संवत्सर, बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली त्याच्या पुढचं वर्ष. शिवराज्याभिषेकाचं आनंदनाम संवत्सर म्हणजे मंगोलांच्या लेखी निळ्या वाघाचं वर्ष. वर्षारंभाचे काही आठवडे मागेपुढे होतात तेवढे सांभाळायचे. तेव्हापासून मी पुष्पिकेतलं साल काढताना वहीत संवत्सराचं नावही लिहिते, आणि बाईंनी तो रकाना बाकीच्या विद्यार्थ्यांनाही दाखवला.

मांचू ग्रंथांची तऱ्हा निराळी. ते बहुतेक चिनी पद्धतीचे, दोऱ्याने शिवलेले, निळ्या कापडाच्या पेटीत. मात्र उघडतात डावीकडून, कारण मांचूच्या ओळी मंगोलसारख्या डावीकडून उजवीकडे जातात. शेजारी चिनी मजकूर असेल तर तोही मांचूच्या चालीने चालतो. १५९९ मध्ये नुरहाची या मांचू राजाने आपल्या भाषेसाठी मंगोल लिपी घ्यायला लावली, आणि १६३२ मध्ये दाहाई या विद्वानाने टिंबं आणि वर्तुळं घालून तिचा संदिग्धपणा काढून टाकला. 'आमा' म्हणजे बाप आणि 'एमे' म्हणजे आई, फरक टिंबांचा. त्यामुळे छापील मांचू वाचायला मंगोलपेक्षा पुष्कळ सोपं. या भाषेत साम्राज्याचा अडीचशे वर्षांचा कारभार आहे, लक्षावधी कागद पेकिंगच्या अभिलेखागारात आहेत, कंजूरचं, म्हणजे तिबेटी बुद्धवचनसंग्रहाचं, भाषांतरही आहे. खुद्द मांचूरियात ती बोलणारे आता जवळजवळ उरलेले नाहीत. तिच्या अगदी जवळची शिबे बोली मात्र १७६४ मध्ये सीमेच्या राखणीसाठी इली खोऱ्यात पाठवलेल्या सैनिकांच्या वंशजांनी शिनजियांगमध्ये जिवंत ठेवली आहे. मांचूत माझी गती अजून शब्दकोश उघडून वाचण्याइतकीच आहे, म्हणून याहून जास्त सांगत नाही.

एका ग्रंथाबद्दल मात्र सांगायलाच हवं. जर्मन मोहिमांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य आशियातल्या तुर्फानहून आणलेल्या अवशेषांत एका ठशांच्या मंगोल पोथीची शेवटची पानं आहेत. मी ती डिजिटल प्रतीत वाचली. शांतिदेवाच्या 'बोधिचर्यावतारा'वरची छोइजी ओदसेर या बौद्ध पंडिताची ती टीका. पुष्पिकेत लिहिलं आहे की १३१२ मध्ये दादू नगरीत, म्हणजे आजच्या पेकिंगमध्ये, श्वेत स्तूपाच्या महाविहारात ती कोरून एक हजार प्रती छापल्या आणि वाटल्या. आपल्याकडे तेव्हा देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच बुडत होतं, ज्ञानेश्वरी होऊन बावीस वर्षं झाली होती. संस्कृत पाठ माझ्याजवळ होता तो परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादलेला, दरभंग्याहून १९६० मध्ये निघालेला. पुण्याच्या पंडिताने लावलेला पाठ उजव्या हाताला आणि पेकिंगची सातशे वर्षांपूर्वीची छपाई पडद्यावर, अशी ती पानं मी संपवली.

या अभ्यासाचा महाराष्ट्राशी आणखी एक धागा आहे आणि तो विसरला जातो. डॉ. रघुवीर यांनी आपली संस्था फाळणीच्या सुमारास लाहोरहून नागपूरला आणली. आपल्याला ते पारिभाषिक शब्दांच्या कोशांमुळे माहीत आहेत. पण मध्य आणि पूर्व आशियातलं बौद्ध वाङ्मय गोळा करणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. १९५६ ते ५८ च्या काळात त्यांनी मंगोल कंजूरची मायक्रोफिल्म भारतात आणली. कांगशीच्या काळात, १७१७ ते १७२० मध्ये, पेकिंगला लाल शाईत छापलेली ही आवृत्ती १०८ खंडांची आहे. त्यांचे चिरंजीव लोकेश चंद्र यांनी ती १९७० च्या दशकात दिल्लीहून पुन्हा प्रसिद्ध केली. अलीकडे राष्ट्रीय पांडुलिपी मिशननेही तिचं पुनर्मुद्रण केलं. युरोपातले अभ्यासक दिल्लीचे ते खंड रोज वापरतात, आमच्या विभागाच्या कपाटातही तेच आहेत.

तेव्हा ज्याला संस्कृत येतं, मोडी वाचता येते, बासन सोडायची आणि बांधायची सवय आहे, त्याचं निम्मं शिक्षण आपल्याकडे झालेलंच असतं. उरलेल्या निम्म्यासाठी मंगोल भाषा शिकायला हवी आणि सूच्या वाचण्यापुरतं जर्मन. कंजूरमधलं सूत्र शोधायला लुई लिगेती यांची १९४२ ची फ्रेंच सूची लागते, तिच्यात संस्कृत नावंही दिलेली असल्याने ती फ्रेंच न येणाऱ्यालाही वापरता येते. माझ्या टेबलावर सध्या पुष्पिका नसलेलं एक हस्तलिखित आहे, बोरूने लिहिलेलं, रशियन कागदावर. शिक्का अर्धाच उठलेला आहे. संस्कृत नावातली दोन अक्षरं झिजली आहेत, ती भरून काढण्यासाठी लिगेतींच्या सूचीतली नावं एकेक करून लावून पाहते आहे.